भिंतीचा अर्ज

दशरथ, एका बाजूचा पायाचा चर खणून झालाय. कडुनिंबापासून नळापर्यंत, गुडघाभर खोल, अगदी सरळ. काल संध्याकाळी मी त्याच्या काठाकाठाने चालत गेलो आणि तसाच परत आलो. तुला जाऊन अठरा दिवस झाले, आणि तुझ्या मैदानाला भिंत घालायला निघालेत. तुझ्या नावाने घालतायत, आणि तुझ्याच सहीच्या अर्जावर घालतायत. सध्या काम थांबलेलं आहे. का थांबलं ते सांगायलाच बसलोय, पण सरळ सांगता येत नाही. माझा स्वभाव तुला माहीतच आहे.

कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहणारा मी. आभाळ स्वच्छ असलं तरी छत्री घेऊन शाळेत जाणारा. तू म्हणायचास, "मास्तर, तू जन्मतानाच घाबरून बाहेर आला असशीन." तोंडात चार खिळे धरून बोलायचास, तरी शब्द स्पष्ट. संत्र्याच्या हंगामात दिवसभर पेट्या ठोकायचास, आणि मी शाळा सुटल्यावर तुझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसायचो. मी सौंसरचा, बदलीवर पांढुर्ण्यात आलेला. घर मिळालं ते वरच्या गल्लीच्या शेवटाला. समोर तुझं दुकान, आणि दुकानाला लागून तो जुना कोंडवाडा, आजचं मैदान.

काय वास यायचा, आठवतं? मोकाट जनावरं कोंडायची जागा गावाबाहेर गेली आणि हा कोंडवाडा तसाच पडून राहिला. खालच्या गल्लीकडची भिंत पडलेली, वरच्या गल्लीकडची उभी, तिला गंजलेलं फाटक. आत सडकी संत्री, तुटक्या फळ्या, पेट्यांत घालायची गवताची तनस, आणि एकदा तर मेलेलं कुत्रं पंधरा दिवस. खालच्या गल्लीतल्या बायका त्यातूनच वाट काढत, कारण नाल्याच्या बाजूने जायचं तर अर्ध्या गावाला वळसा. मी रोज तुझ्यापुढे कुरकुर करायचो आणि दर महिन्याला कचेरीत एक अर्ज टाकायचो. मास्तरकी करणाऱ्या माणसाला दुसरं काय येतं.

एका रविवारी तू पेट्या ठोकायचं थांबवलंस. "अर्जाचं उत्तर येईलोग आपली दाढी पांढरी होईन," म्हणालास, आणि घमेलं उचलून चालू पडलास. मला वाटलं, दोन खेपा करशील आणि थकशील. तू दुपारपर्यंत कचरा वाहत राहिलास. पुढच्या रविवारी मीही आलो, नाक बांधून. त्याच्या पुढच्या रविवारी खालच्या गल्लीतून सुमनबाई आल्या. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या, रविवारची एकच सुट्टी, तीही यात घातली. त्यांच्यामागे त्यांची अख्खी ओळ आली.

मग तू तो नियम काढलास, घरटी एक माणूस आणि एक घमेलं. वर्गणी नाही, पावती नाही. वरच्या गल्लीतल्यांनी आपले नोकर पाठवले, तर तू त्यांना चहा पाजून परत पाठवलंस. "घरचा माणूस पायजे. नोकराचा हात नाही चालत." केशवभाऊ भडकले. कापसाचे एवढे मोठे व्यापारी, गल्लीत त्यांच्या शब्दाला किंमत, आणि हा पेट्या ठोकणारा त्यांना घमेलं उचलायला सांगतो. तीन रविवार आले नाहीत. चौथ्या रविवारी परीटघडीचं धोतर नेसून आले, आणि पहिल्याच खेपेत सडकं संत्रं धोतरावर फुटलं. भाऊच आधी हसले, म्हणून आपण हसू शकलो. त्या दिवसापासून ते जागेवर जीव टाकायला लागले, हे विसरून चालणार नाही. आज जे चाललंय ते कुणी दुष्टपणाने केलेलं नाही, दशरथ. तसं असतं तर मला एवढा त्रास झाला नसता.

उभी भिंत पाडायची की पडलेली बांधायची, यावर आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणालो, पडकी बाजू बांधून घेऊ, फाटक रंगवू, किल्ली कुणा जबाबदार माणसाकडे ठेवू. तू पहार घेतलीस. "भिंत कोंडवाड्याले रायते, मास्तर. आपल्याले कोंडवाडाच करायचा होता तं जनावरं काय वाईट होती?" आणि सगळ्यांनी मिळून ती पाडली. तिच्याच विटांचा कडुनिंबाभोवती ओटा झाला. मी विटा मोजून देत होतो आणि मनात म्हणत होतो, हा माणूस एक दिवस आपल्याला गोत्यात आणणार.

उघडी जागा मला खरंच भीती घालते. चारी बाजूंनी कुणीही येतं, कुणीही जातं, जबाबदार कुणी नाही. तू उलट म्हणायचास की कुणीही येतं म्हणूनच कचरा टाकायला लोक धजावत नाहीत, कुणीतरी पाहत असतं. वर्षानुवर्षं आपण यावर भांडलो. खरं सांगतो, मला ते भांडण आवडायचं. शाळेत माझ्याशी कुणी भांडत नाही, घरी मी भांडत नाही. तुझ्या फळीवर बसलं की दिवसभराची भीती बाहेर काढायला जागा मिळायची.

आणि जागा झालीही कशी! उन्हाळ्यात दोन्ही गल्ल्यांच्या कुरड्या एकाच चादरीला चादर लावून वाळायच्या. सकाळी तिथे म्हाताऱ्यांची बैठक. केशवभाऊंकडे टीव्ही आला त्या वर्षी तू त्यांना गोड बोलून तो रविवारी सकाळी ओट्यावर मांडायला लावलास, अँटेना कडुनिंबाला बांधलास, आणि खालच्या गल्लीतली माणसं वरच्या गल्लीतल्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. चित्रात अर्धा वेळ मुंग्याच दिसत. तरी कुणी उठत नव्हतं. मला तेव्हाही काळजी, टीव्ही ओट्यावरून पडला तर भरून कोण देणार.

नळासाठी मात्र कचेरीत जावंच लागलं. तिथून माझं काम सुरू झालं, आणि तिथूनच माझं पापही.

आपण घरात, दारात, दुकानात मराठी बोलणारी माणसं. पण राज्य हिंदीचं, म्हणून कचेरीचा कागद हिंदीत, आणि तीही आपल्या बाजारातली हिंदी नव्हे. "सेवा में, श्रीमान" पासून "प्रार्थी" पर्यंत सगळं ठरलेलं. तू नागपूरच्या, इटारसीच्या व्यापाऱ्यांशी फाडफाड हिंदी बोलायचास, पण ते कागद पाहिले की तुझा चेहरा उतरायचा. गल्लीतल्या सगळ्यांचंच तसं. म्हणून रीतच पडून गेली होती, कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करायची आणि कागद गुरुजींना द्यायचा. गुरुजी वर काय ते लिहितील. किती जणांच्या कोऱ्या सह्या माझ्या पेटीत असत. कुणाला कधी शंका आली नाही. मलाही कधी आली नाही.

तू एकदम पाच कागदांवर सह्या केल्यास. हंगाम होता, सारखा उठायला वेळ नव्हता. पेटीच्या फळीवर कागद ठेवून, खिळे तोंडातच, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहून वरची रेघ शेवटी, लांबलचक. "घे. पाच कामं होतीन यात. मले पुन्हा विचारू नको." पहिल्या कागदावर नळ आला. दुसऱ्यावर दिव्याचा खांब.

तिसऱ्याचं आता सांगतो.

तान्ह्या पोळ्याचा दिवस आठव. पोळ्याचा दुसरा दिवस. पोरं आपापले लाकडी बैल सजवून मिरवणार, आणि त्याच दिवशी जाम नदीवर गोटमारीची दगडफेक, पलीकडे सावरगाव, अलीकडे आपण. गावातली बापेमाणसं सगळी नदीवर. त्यामुळे आपल्याकडच्या पोरांच्या वाट्याला तान्हा पोळा कधी धड आलाच नव्हता. तू नदीवर जाणं कधीच सोडलं होतंस, आणि त्या वर्षी ठरवलंस की मैदानावर दोन्ही गल्ल्यांच्या पोरांचा पोळा भरवायचा. तूच तोरण बांधलंस, उरलेल्या फळ्यांचे बैल करून दिलेस, चाकांसकट. माझ्या मंदाच्या बैलाला निळी शिंगं दिलीस, कारण तिने निळीच मागितली.

मंदा सात वर्षांची होती. तिला तुझ्याकडे सोडून मी नदीवर गेलो.

हे मी आजवर उच्चारलं नाही. सगळ्यांना वाटतं, गुरुजी शाळेच्या कामाला गेले होते. तुला माहीत होतं, पण तू कुणाला सांगितलं नाहीस. मी गोटमार पाहायला गेलो होतो, उंचावर सुरक्षित जागा धरून, बाकीच्यांसारखा ओरडत. इकडे खालच्या गल्लीतला एक बैल नदीवरच्या ढोलांना बुजला, दोर तुटला आणि उघड्या बाजूने सरळ मैदानात घुसला. तू पोरांना ओट्यावर फेकल्यासारखं चढवलंस म्हणे. मंदा आपला लाकडी बैल उचलायला मागे वळली आणि ओट्याच्या कोपऱ्यावर आपटली. मी आलो तेव्हा ती तुझ्या खांद्यावर होती, तुझा सदरा लाल. कपाळाला चार टाके पडले. तू दवाखान्यात माझ्याकडे पाहून एवढंच म्हणालास, "चुकी माही हाय, मास्तर. मी तिच्यापाशी पायजे होतो."

तिच्यापाशी मी असायला हवा होतो. ते तुला म्हणता आलं असतं. तू म्हणाला नाहीस, आणि मला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मी पेटीतून तुझा तिसरा कागद काढला. सुंदर अक्षरात लिहिलं की बालकों की सुरक्षा हेतु मैदान के चारों ओर दीवार और फाटक अत्यंत आवश्यक है, फाटक की चाबी किसी प्रतिष्ठित नागरिक के पास रहे. खाली तुझी सही, वरची रेघ लांबलचक. माझ्या नावाने अर्ज दिला असता तर कुणी हिंग लावूनही विचारलं नसतं. भिंत पाडणाराच भिंत मागतो म्हटल्यावर वजन पडेल, हा हिशेब मी शुद्धीत केला होता. रागात केलं असं म्हणवत नाही. राग होता तो स्वतःवर, आणि तो कुठेतरी ठेवायला मला भिंत हवी होती.

संध्याकाळी अर्ज टाकून आलो आणि तुझ्या फळीवर बसलो. तू मंदाचा मोडलेला बैल दुरुस्त करत होतास. मी काही बोललो नाही. आठवडाभर उत्तर आलं नाही, महिना गेला, वर्ष गेलं. कचेरीत कागद हरवतात, आणि त्या एका वेळी मी देवाचे आभार मानले. त्यानंतर मी भिंतीसाठी तुझ्याशी भांडायचं सोडून दिलं. "थकला का बे?" म्हणून तू डिवचायचास. मी हसून निभावून न्यायचो.

तुझी कावीळ उलटली तेव्हा मी रोज येत होतो. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी वहिनी पाणी आणायला गेल्या होत्या. तू डोळे मिटून होतास. मध्येच विचारलंस, "मास्तर, माह्यावाले कागद किती उरले रे?"

मी म्हणालो, "तीन."

तू मान हलवलीस. उरले होते दोन. तू सहज विचारलंस, की कुणी काही सांगितलं होतं, की खरंच एखादं काम सुचलं होतं? दशरथ, मी त्या मान हलवण्याचा अठरा दिवस अर्थ लावतोय आणि मला लागत नाही. सांग, म्हणाला असतास तर मी सांगितलं असतं. नसतं सांगितलं बहुतेक.

तुझी तेरवी मैदानावरच झाली. दुसरीकडे एवढी माणसं मावलीच नसती. पंगती उठल्यावर केशवभाऊ उभे राहिले. डोळे सुजलेले. बोलताना दोनदा थांबले. म्हणाले, दशरथसाठी काहीतरी करावं म्हणून कचेरीत गेलो, तर जुन्या फायलीत त्याचाच कागद सापडला. खिशातून नक्कल काढली आणि वाचली. माझं प्रत्येक वाक्य, माझा प्रत्येक स्वल्पविराम. "पोरायच्या काळजीनं त्यानं भिंत मागतली होती, आपल्याले बोलला बी नाही," म्हणाले, आणि रडले. कचेरीची मंजुरी झाली होती. फाटकावर तुझं नाव, किल्ली भाऊंकडे, सकाळ-संध्याकाळ उघडणार. वरच्या गल्लीतल्यांनी हात जोडले. वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

खालच्या गल्लीतले एकमेकांकडे पाहायला लागले. फाटक बंद असेल तेव्हा नळ नाही, आणि रस्त्याला लागायचं तर पुन्हा नाल्याचा वळसा. पण गेलेल्या माणसाच्या तेरवीला त्याच्या इच्छेविरुद्ध कोण बोलणार? सुमनबाई तेवढ्या उठल्या. भाऊंकडे नाही गेल्या, माझ्यापाशी आल्या.

"गुरुजी, दशरथभाऊनं असं लिहून देल्लं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "सही त्याचीच आहे."

"तुम्ही म्हणता तं असंन," म्हणाल्या आणि पत्रावळी उचलायला गेल्या. एवढ्या लवकर विश्वास ठेवला त्यांनी. थोडं तरी भांडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चुन्याची रेघ पडली, गवंडी आला, खणायला सुरुवात झाली. शाळेत मी फळ्यावर वाक्य लिहायला घ्यायचो आणि मध्येच थांबायचो. पोरं एकमेकांना खुणावायची. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गेलेल्या माणसाची सही आता कोण इचारून राह्यलं? तुमची नोकरी गेली तं आमी कुठं जावं?" तिचं चूक नाही. सरकारी शाळेतल्या मास्तराने दुसऱ्याच्या सहीवर खोटा अर्ज केला, एवढं कुणी वर लिहिलं की चौकशी, निलंबन, सगळं ओळीने येणार. मी मनातल्या मनात ती ऑर्डर कितीदा टाइप करून पाहिली. अजून दहा वर्षं नोकरी आहे. मंदा अजून चौथीत.

पंधराव्या दिवशी दुपारी वहिनींकडे गेलो. त्या तुझी हत्यारं पुसून ठेवत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, नदीवर गेल्यापासून ते "तीन" म्हणालो तिथपर्यंत. वहिनींनी रंधा खाली ठेवला नाही. पुसतच राहिल्या.

"तुमचं लिहिलं ते कधी वाचून नाही पाहेत," म्हणाल्या शेवटी. "मी म्हणो, वाचून तं पाहा. तं म्हणे, मास्तरनं लिहिलं हाय, मंग काय पाह्याचं."

मी हात जोडले. म्हटलं, वहिनी, मला माफ करा.

"मले काहून मागता, भाऊजी? मी तुम्हाले काई इचारलं नव्हतं. इचारलं सुमननं. तिले जाऊन सांगा." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मी खालच्या गल्लीत गेलो. ऐकून हसशील, या नऊ वर्षांत मी नळाच्या पुढे कधी गेलो नव्हतो. शेजारी बसून टीव्ही पाहिला, कुरड्यांना राखण बसलो, पण त्यांच्या दारात पाय नव्हता ठेवला. तू तिथेच अर्धा वेळ असायचास. सुमनबाई जिनिंगवरून नुकत्याच आल्या होत्या, केसांत कापसाचे तंतू. माझ्यासाठी खाट टाकली. मी बसलो नाही. माणसं गोळा होत गेली आणि मी सांगत गेलो. आवाज इतका बारीक झाला की मागच्यांनी "काय म्हणून राह्यले?" विचारलं, आणि पुढच्यांना माझा अपराध मोठ्याने पुन्हा सांगावा लागला. त्याच्याइतकी लाज मला जन्मात वाटली नाही.

कुणीतरी शिवी दिली. सुमनबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"पोरगी पडली तवा तुम्ही मैदानात येऊन आमच्यावर वरडले असते तं चाललं असतं, गुरुजी. बैल आमचाच होता. आमी खाली मान घातली असती." मग म्हणाल्या, "आता जसं तवा लिहिलं, तसंच लिहून द्या. हिंदीतच. त्यायले समजन असं."

मी लिहिलं. माझ्या नावाने, माझ्या सहीने, की तो अर्ज दशरथने केलेला नाही, त्याच्या कोऱ्या सहीचा मी गैरवापर केला, भिंत त्याला कधीच नको होती. तुझे उरलेले दोन कागदही जोडले, कोरे, म्हणजे ती रीत काय होती ते त्यांना दिसावं. कचेरीतले साहेब दोनदा वाचून म्हणाले, "गुरुजी, सोच लीजिए. यह काग़ज़ मैंने ले लिया तो फिर ऊपर जाएगा." मी पोच मागितली. त्यांनी शिक्का मारून दिली. जिना कठड्याला धरून उतरलो.

निर्णय होईपर्यंत काम थांबवलंय, एवढंच. भाऊंनी मंजुरी सोडलेली नाही. काल ते चरापाशी भेटले आणि म्हणाले, "मास्तर, त्याचं नाव लागत होतं फाटकावर. ते बी तुम्ही पाह्यलं नाही." त्यांचं दुःख खरं आहे. भिंतीशिवाय तुझी आठवण कशी ठेवायची हे त्यांना कळत नाही, आणि मलाही नीट सांगता येत नाही. तू असतास तर त्यांच्या खांद्यावर हात टाकून दोन मिनिटांत पटवलं असतंस. आता गल्लीत माझ्याशी फारसं कुणी बोलत नाही. कोऱ्या सह्या ज्यांच्या होत्या, ते एकेक येऊन आपले कागद परत घेऊन गेले. त्यांचं बरोबर आहे, पण पेटी रिकामी झाली तेव्हा मला बसून रडू आलं. वरून काय येईल माहीत नाही. पोस्टमन शाळेच्या फाटकातून आत आला की माझं शिकवणं थांबतं. वहिनी अजून बोललेल्या नाहीत.

मंदाने विचारलं, चर कशाला खणलाय. मी तिला सगळं खरं सांगितलं, नदीचंही. तिने कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेवरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "काकांना त्या अर्जाचं माहीत होतं?" मी म्हणालो, माहीत नाही गं. ती म्हणाली, विचारलं का नाही?

काय सांगणार तिला? सांगण्यासारखे दिवस किती होते. रोज तुझ्या फळीवर बसत होतो. नऊ वर्षांत आपण बोललो नाही असा एक दिवस काढून दाखवता येणार नाही. त्यातल्या कुठल्याही संध्याकाळी म्हणालो असतो, दशरथ, मी असं असं केलं, तर तू खिळे हातात घेतले असतेस, चार शिव्या घातल्या असत्यास, आणि चहा मागवला असतास. तुझी माफी मिळणार याची मला इतकी खात्री होती, की ती मागायची मी घाईच केली नाही.